शिट्टी कोणाच्या खिशात

जोरी पेनबर्थी याच्या स्वयंपाकघरात, जेथे इतर सद्गृहस्थ दिनदर्शिका लावतात त्या भिंतीवर, खेकडे ओढण्याचे एक दंताळे टांगलेले होते. त्याचे तारेचे दात आतल्या बाजूस वळलेले असून दांडा हाताच्या घामाने काळा पडला होता. नऊ वर्षांपूर्वी जोरी बंदरावरील धान्यकोठाराच्या शिडीवरून पडला आणि कमरेखाली त्याचे शरीर निकामी झाले. त्या दिवसापासून दंताळे भिंतीवर आणि जोरी व्हीलचेअरमध्ये, असे दोघे एकमेकांकडे पाहत बसून होते.

मी, वेस्ली ट्रेनॉर्डन, त्याचा शेजारी. आम्ही दोघांनी त्याच कोठारावर अठ्ठावीस वर्षे काम केले आणि पोर्ट कॅरोच्या फुटबॉल संघात सोळा हंगाम एकत्र खेळलो. माझे शिक्षण चौदाव्या वर्षी संपले. तथापि वाचनाची आवड मी सोडली नाही, आणि म्हणूनच जोरीच्या घरी येणारी सरकारी पत्रे वाचून त्यांचा अर्थ लावण्याचे कार्य आपोआप माझ्याकडे आले. पुढे जे घडले त्यास हे कार्यच बव्हंशी कारणीभूत झाले, हे मी प्रारंभीच मान्य करतो.

जानेवारीच्या अखेरीस असे एक पत्र आले. अपंगांच्या साहाय्य-योजनेतून जोरीला जे मिळते, त्याचा वार्षिक फेरविचार तीन आठवड्यांनी व्हावयाचा होता. मी पत्र मोठ्याने वाचून दाखवले. जोरी दंताळ्याकडे पाहत होता.

"वेस, त्यात खुर्ची मागता येते का?"

"खुर्चीत तर तू बसलाच आहेस."

"ही नाही रे. ती जाड चाकांची. फुग्यासारखी चाकं असतात बघ पिवळी, वाळूत रुतत नाहीत. पाण्यात तरंगते म्हणे. मला या मोसमात खेकडे ओढायचेत. आपल्या हातानं. तू आणून दिलेले खाऊन खाऊन कंटाळलो मी. सरकारी मापापेक्षा दोन बोटं मोठे असतात फक्त, तरी तोंड असं करतोस जसा देवमासा मारून आणलायस."

आमच्या उपसागराची ओहोटी मोठी उदार आहे. पाणी अर्धा मैल मागे सरते, आणि गुडघाभर पाण्यातून, कमरेला दोरीने टब बांधून, माणसे वाळूत दडलेले निळे खेकडे दंताळ्याने उकरीत हिंडतात. जोरी या विद्येत सर्वांच्या पुढे होता. परंतु साध्या व्हीलचेअरची चाके ओल्या वाळूत चार हातांवरच रुततात. हा प्रयोग आम्ही एकदा केला होता आणि परतताना ट्रॅक्टर बोलवावा लागला होता. मोसम एप्रिलबरोबर संपतो. फेरविचारात नकार आला तर पुन्हा मागण्याची संधी एक वर्षाने. आणि जोरीचे खांदे, जे त्याचे हात आणि पाय दोन्ही झाले होते, ते वर्षागणिक झिजत चालले होते.

"मागता येईल," मी म्हणालो. "पण कोणाकडे, हे आधी समजून घेतले पाहिजे."

हाच तर सारा घोटाळा होता. जोरीच्या आयुष्यात या योजनेमुळे इतकी माणसे आली होती की, कोण कशासाठी येते हे त्याला सांगता येत नसे. सकाळी येऊन त्याला अंथरुणातून उठवणारी मारिविक तेवढी त्याला ठाऊक होती. बाकीच्या सर्वांना तो "त्या कागदवाल्या" म्हणत असे. मी मागील वर्षीच्या सामन्यांच्या वेळापत्रकाची कोरी बाजू घेतली, तीवर आमच्याकडच्या फुटबॉलचे असते तसे अंडाकृती मैदान आखले, आणि प्रत्येक व्यक्तीस तिच्या कार्यानुसार फुटबॉलमधील जागा नेमून दिली. आमच्या गावात कोणतीही गोष्ट मैदानावर मांडल्याखेरीज डोक्यात शिरत नाही.

मारिविक मदतनीस, म्हणून ती पाणी आणि टॉवेल घेऊन धावणाऱ्याच्या जागी. ऊना ब्रॅनिगन ही साहाय्य-समन्वयक. कोणती सेवा कोणाकडून घ्यावी हे ती ठरवून जुळवून देते, फोनवर फोन करते. म्हणून ती मधल्या फळीत, चेंडू वाटून देणारी. क्रोल नावाचे गृहस्थ योजना-व्यवस्थापक. ते शहरात असतात. त्यांच्याविषयी मला खात्री नव्हती, म्हणून आम्ही त्यांना फोन केला, आणि जोरीने सावधगिरी म्हणून आधीच दोन दीर्घ उसासे सोडले.

"पेनबर्थी, तब्येत बरी आहे ना?" क्रोलसाहेब म्हणाले.

"कसली बरी, साहेब," जोरी क्षीण आवाजात म्हणाला. "दिवस ढकलतोय."

"वाईट वाटलं ऐकून. पण माझ्याकडे फक्त बिलं येतात, ती मी चुकती करतो. उसाशांचं बिल असेल तर पाठवा, बघतो."

फोन ठेवल्यावर मी त्यांना गोलखांबांमागे उभे केले. चेंडू खांबांतून गेला की झेंडा दाखवायचा, एवढेच त्या पंचाचे काम. चेंडू कोणी मारावा हे तो सांगत नाही.

राहिल्या दोन स्त्रिया. लेनोर गॅस्केल ही स्थानिक समन्वयक. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत तिचे कार्यालय. ती कधी हसत नसे आणि ऐकलेले सारे एका छोट्या वहीत टिपून घेत असे. आमच्या मैदानावर वहीत टिपणारा एकच मनुष्य असतो. दांडगाई करणाऱ्याचे नाव लिहून घेणारा पंच. म्हणून मी लेनोरच्या नावापुढे शिट्टी काढली. दुसरी इमोजेन व्हाइटलॉ. ही व्यवसायोपचार-तज्ज्ञ, माणसाला रोजची कामे कितपत जमतात हे ती त्याला वाकवून, सरकवून, उचलायला लावून पाहते आणि अहवाल लिहिते. हंगामापूर्वीच्या सरावात निवड समिती खेळाडूंना नेमके असेच राबवते. म्हणून इमोजेन निवड समितीत. कडेला, प्रशिक्षकाच्या जागी, मी विनयपूर्वक स्वतःचे नाव लिहिले.

जोरीने तो कागद बराच वेळ न्याहाळला आणि त्याच्या मुद्रेवर जे तेज चढले ते मी सोळा हंगाम पाहिलेले होते. जोरी पेनबर्थी हा द्वीपकल्पातील सर्वांत कुशल पडणारा खेळाडू म्हणून विख्यात होता. प्रतिस्पर्ध्याचा वारा लागला तरी तो गोळी लागल्यासारखा कोसळत असे, आणि पंच त्याला फुकटची किक बहाल करीत असे.

"मग सोपं आहे की, लेका," तो म्हणाला. "पंचासमोर पडायचं आणि निवडवाल्यांसमोर पळायचं. आयुष्यभर दुसरं काय केलंय मी?"

"पण खुर्ची मागायची कशी?"

"मागायची नाही! पंचाकडे किक मागितली की तो चिडतो. तू नुसतं पडायचंस. द्यायचं त्याचं तो देतो."

मला हे पटले. आज त्याचे आश्चर्य वाटते; पण त्या वेळी पटले.

आमच्याकडे फेब्रुवारी म्हणजे भर उन्हाळा; लेनोर आली त्या दिवशी बाहेर एक्केचाळीस अंश तापमान होते. जोरीने मारिविककडून स्वतःला लोकरी ब्लँकेटमध्ये हनुवटीपर्यंत गुंडाळून घेतले होते. मारिविक फिलिपिन्सची, वीस वर्षांपूर्वी येथील एका मच्छीमाराशी लग्न करून आली. जोरीला ती "कुया" म्हणे, म्हणजे त्यांच्याकडे थोरल्या भावाला म्हणतात तसे.

"कुया, शिजून मराल."

"गप. पेस्टी आण बाईंना. मोठी आण."

लेनोर पलंगाजवळच्या खुर्चीत बसली. बटाटा, सलगम आणि मांस भरलेली ती पेस्टी तिने मांडीवर तशीच ठेवली आणि वही उघडली.

"मिस्टर पेनबर्थी, पुढच्या वर्षात तुम्हाला काय करावंसं वाटतं? कुठं जावंसं वाटतं? कोणाला भेटावंसं वाटतं?"

"काय करणार, बाई." जोरीने डोळे मिटले. "एक उशी मिळाली जरा मऊ, तर बरं होईल. शेवटाला."

"शेवटाला?"

"कोणाचं काय सांगता येतं."

त्याच्या कपाळावरून घामाच्या धारा वाहत होत्या. लेनोरने त्या ज्वराच्या समजल्या. प्रशिक्षक या नात्याने मला राहवेना, म्हणून दारापर्यंत तिला पोहोचवताना मी हळूच म्हणालो की, त्याची एक इच्छा आहे, त्याला खेकडे ओढायला समुद्रात जायचे आहे. लेनोरने मागे वळून त्या ब्लँकेटच्या ढिगाकडे पाहिले.

"समुद्रात? या अवस्थेत?" तिने वहीत एक ओळ लिहिली आणि तिच्याखाली रेघ मारली.

"बघितलंस?" ती गेल्यावर जोरी ब्लँकेट भिरकावून म्हणाला. "खालती रेघ मारली. किक पक्की. पंखा लाव आता, मारिविक, उकडून निघालो."

तीन दिवसांनी इमोजेन आली. या वेळी जोरीने दाढी केली होती, संघाची जुनी बनियन घातली होती, आणि केसांना पाणी लावले होते. इमोजेनने सांगण्याआधीच तो खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत दोन्ही हातांच्या जोरावर तीनदा सरकला. नंतर त्याने बटाटे सोलले. नंतर, कोणी सांगितलेले नसता, खुर्चीच्या हातांवर शरीर उचलून वीस वेळा खाली-वर केले. अठराव्या वेळी त्याच्या उजव्या खांद्यातून ओला दोर तुटल्यासारखा आवाज आला. तो मी ऐकला. इमोजेनने ऐकला की नाही ठाऊक नाही.

"सकाळी उठताना मदत लागते का?" तिने विचारले.

"छे! मदत कसली? अजून खेळू शकतो मी, फक्त जर्सीचं माप वाढलंय."

"मग मारिविक रोज सकाळी दोन तास येतात, त्या?"

"ती होय? ती गप्पा मारायला येते."

स्वयंपाकघरात एक पातेले धाडकन ओट्यावर आदळले.

इमोजेन गेल्यानंतर जोरी खुर्चीत बसल्या जागी पांढरा पडला. उजवा हात त्याला कानापर्यंत नेता येईना. मारिविकने त्याला उचलले, पलंगावर घातले, खांद्याला लेप लावला, आणि हे सारे तिने एक अक्षरही न बोलता केले. ज्यांनी तिला ओळखले आहे त्यांना या मौनाची भीती कळेल.

"मारिविक," जोरी म्हणाला, "अगं ते डावपेच आहेत."

"हो ना. मी गप्पा मारायला येते. तुमचा पाय वळवते, तुमचं सगळं धुते, ती गप्पाच. उद्यापासून नुसत्या गप्पा मारू या, कुया. तुम्ही पलंगावरून, मी दारातून."

तो दोन दिवस अंथरुणातून उठू शकला नाही. ती मात्र दोन्ही दिवस वेळेवर आली.

तिसऱ्या दिवशी ऊना ब्रॅनिगन मोटारीतून उतरली. ही बाई उंच, रुंद आणि आवाजाने त्याहून मोठी. आठवडाभर ती समन्वयक असते आणि हिवाळ्यात शनिवारी स्त्रियांच्या फुटबॉल सामन्यांत पंच म्हणून धावते; ही दुसरी गोष्ट मला तोपर्यंत ठाऊक नव्हती. तिच्या हातात दोन कागद होते. ती न बसताच बोलू लागली.

"या गावात जोरी पेनबर्थी किती आहेत?"

"एकच," मी म्हणालो.

"नाही, दोन आहेत. ऐका. हा पहिला, लेनोरच्या टिपणातला. 'अत्यंत क्षीण, अंथरुणाला खिळलेले, निराश. समुद्रावर नेणे धोक्याचे.' आणि हा दुसरा, इमोजेनच्या कच्च्या अहवालातला. 'उत्कृष्ट ताकद. सर्व हालचाली स्वतः करतात. मदतनिसाच्या तासांची गरज पुन्हा तपासावी.' आता मला सांगा, हे दोन्ही कागद एकाच माणसापुढे गेले तर तो काय करील? पहिला वाचून खुर्ची नाकारील आणि दुसरा वाचून मारिविकचे तास कापील. दोन्ही कागदांतलं वाईट तेवढं उचलायचं, एवढंच उरतं त्याला."

जोरीचा चेहरा प्रथमच, सोंगाशिवाय, आजारी दिसला. माझ्या नकळत माझी दृष्टी फ्रिजकडे गेली, जेथे माझा मैदानाचा कागद चुंबकाने लावलेला होता. आणि माझ्या दृष्टीमागोमाग ऊनाची. तिने चुंबक काढून तो कागद हातात घेतला आणि शांतपणे वाचला.

"हे कोणी काढलं?"

"मी," मी म्हणालो.

"मी मधल्या फळीत. बरं आहे. क्रोल झेंडेवाला, तेही ठीक. ही लेनोर शिट्टी घेऊन काय करत्येय?"

"ती टिपून घेते, म्हणून मी..."

"टिपून घेते कारण तिला ते पुढं पोहोचवायचं असतं. ती निरोप्या आहे, वेस्ली! मैदानातून बाकावर आणि बाकावरून मैदानात पळणारा असतो ना, तो. आणि गावात कुठं काय मिळतं हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. इमोजेन निवड समिती नाही, ती डॉक्टरांच्या बाकावरची. तुम्हाला काय जमत नाही ते कळलं तरच तिचा उपयोग. तिच्यासमोर वीस वेळा खाली-वर?"

"अठरा," जोरी पुटपुटला. "शेवटचे दोन वेसनं मोजले उगाच."

"आणि मारिविक पाणीवाली? रोज सकाळी मैदानात उतरणारी या कागदावर ती एकटीच आहे. बाकी आम्ही सगळे कडेला."

"मग शिट्टी?" मी विचारले. "शिट्टी कोणाकडे?"

"इथं कोणाकडेच नाही. शहरात एक अधिकारी आहे, त्याचं नाव मला ठाऊक नाही, तुम्हालाही कधी कळणार नाही. तो सामना बघत नाही. तो फक्त आम्ही लिहिलेलं वाचतो. पडलात तरी त्याला दिसणार नाही, पळालात तरी दिसणार नाही." ती जोरीकडे वळली. "मी पंच आहे, दहा वर्षं. तुमच्यासारखे फार पाहिलेत. पण पंच मैदानातच नसेल तर पडून काय उपयोग, हो?"

"आणि मी?" मी कागदाच्या कडेकडे बोट दाखवले. "प्रशिक्षक?"

ऊनाने पेन काढले, माझ्या नावावर काट मारली आणि ते मैदानाच्या कुंपणाबाहेर नेऊन लिहिले. "तुम्ही हे. कुंपणावर रेलून आरडाओरडा करणारे. वाईट वाटून घेऊ नका, त्यांच्याशिवाय सामन्याला मजा नसते."

मला वाईट वाटले. परंतु ते मी प्रकट केले नाही.

"उद्या फेरविचाराची बैठक आहे," ऊना म्हणाली. "खरं काय ते कुठं लिहिलेलं आहे का? रोजचं?"

मारिविकने ओट्याच्या खणातून एक वही काढली. मदतनिसाने दररोज काय केले, माणूस कसा होता, हे दोन-चार ओळींत लिहून ठेवावे असा नियम आहे. जोरीने ती वही कधी उघडली नव्हती, मीही नाही. ऊनाने मधूनच वाचायला सुरुवात केली.

"'मंगळवार. उठवायला चाळीस मिनिटे. खांदा दुखतो, सांगत नाही. न्याहारी बरी.' 'गुरुवार. पाय आखडले, दोनदा चोळले. वेस्ली आले, विनोद केले, हसू आले नाही, पण कुया हसले.' 'शनिवार. दंताळे खाली काढून द्यायला सांगितले. मांडीवर घेऊन अर्धा तास बसले. दात पुसले. पुन्हा टांगायला सांगितले. आज ओहोटी मोठी होती.'"

ऊना थांबली. जोरी खिडकीतून बाहेर पाहू लागला. वास्तविक त्या खिडकीतून माझ्या घराच्या कौलांखेरीज काहीच दिसत नाही.

"हेही लिहितेस तू?" तो म्हणाला.

"जे होतं ते लिहिते," मारिविक म्हणाली. "गप्पा असत्या तर गप्पा लिहिल्या असत्या."

दुसऱ्या दिवशी जोरीच्या जेवणाच्या टेबलाभोवती लेनोर, इमोजेन आणि ऊना बसल्या. मला ऊनाने दाराजवळचे स्टूल दिले आणि तोंड बंद ठेवण्याची अट घातली. जोरीने ना ब्लँकेट पांघरले होते ना संघाची बनियन घातली होती. अंगात साधा निळा सदरा होता.

"मी दोघींशी खोटं वागलो," तो म्हणाला. "लेनोरबाई, मी मरायला टेकलेलो नाही. घाम ब्लँकेटचा होता. इमोजेनबाई, मला सकाळी एकट्याला उठता येत नाही. चड्डी घालता येत नाही. हा खांदा गेलाय, तुमच्यासमोर उड्या मारून आणखी गेला." येथे तो थांबला. मैदानावर हाडे मोडली तेव्हाही त्याला बोलण्यास एवढे कष्ट पडलेले मी पाहिले नव्हते. "मारिविक नसेल तर मी दुपारपर्यंत पलंगावरच. ती गप्पा मारायला येत नाही. हे मी तिच्यासमोर बोलायला पाहिजे होतं त्या दिवशी. आता बोलतोय. आणि मला खेकडे ओढायचेत. हात वर जात नाहीत, पण खाली, पाण्यात, ओढायला जातात. बास, एवढंच."

मारिविक चहा ओतत होती. तिने त्याच्या कपात तीन चमचे साखर घातली. डॉक्टरांनी त्याला एकच सांगितली होती, यावरून मी समजलो की क्षमा झाली.

इमोजेनने खांदा नव्याने तपासला. लेनोरने वहीतील रेघ मारलेली ओळ खोडून त्या जागी दुसरी लिहिली. "तुम्ही मला पहिल्याच दिवशी हे का नाही सांगितलंत?" तिने विचारले.

"पंचाकडे मागत नसतात," जोरी ओशाळून म्हणाला.

लेनोरला अर्थातच काही कळले नाही. ऊना मात्र खोकल्याचे निमित्त करून उठली.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात निर्णय आला. मी पत्र वाचले. मारिविकचे सकाळचे तास कायम राहिले. शिवाय आठवड्यातून एकदा त्याला बाहेर नेण्यासाठी तीन तास नवे मिळाले. खांद्यावरील उपचार मंजूर झाले. खुर्ची नामंजूर झाली: वर्षातून थोडेच महिने लागणारी वस्तू उसनी मिळू शकते, असे कारण दिलेले होते.

"उसनी," जोरी म्हणाला. "कोणाकडून? समुद्राकडून?" आणि त्याने मारिविकला दंताळे भिंतीवरून काढून शेडमध्ये ठेवण्यास सांगितले. मारिविकने ऐकले न ऐकलेसे केले.

त्याच दुपारी लेनोर दारात उभी राहिली. पत्राची प्रत तिच्याकडेही गेली होती. तिच्या बुटांना वाळू लागलेली होती आणि केसांत कोळिष्टक.

"मिस्टर पेनबर्थी, बैठकीपासून मी किनाऱ्यावरची सगळी गोदामं पालथी घातली. शेजारच्या उपसागरावर जीवरक्षकांची शेड आहे. तिथं जाळ्यांखाली एक खुर्ची आहे. जाड चाकांची, पिवळी. चार वर्षांपूर्वी कोणीतरी देणगी दिलेली. एक चाक फुसकं आहे. मोसमभर न्या म्हणाले, कोणी मागतच नव्हतं."

जोरीने खुर्ची दाराकडे वळवली. "तुम्ही शोधलीत?"

"तेच तर माझं काम आहे." आणि मी प्रथमच तिला हसताना पाहिले. "ती पेस्टी फार छान होती, त्या दिवशी. सांगायचं राहून गेलं."

फुसके चाक मी दुरुस्त केले. टब पाण्याने भरून, चाक त्यात बुडवून, बुडबुडे कोठून येतात ते पाहून ठिगळ लावले. एकूण तीन ठिगळे लागली. या कामात मला कोणी कुंपणाबाहेर पाठवले नाही, हे येथे नमूद करतो.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सकाळी पाणी पार दूर सरले होते. नव्या तीन तासांतील पहिला तास होता. ऊनाने सर्व जुळवून दिले होते आणि स्वतः अनवाणी आली होती. लेनोर पँट गुडघ्यापर्यंत वळवून. इमोजेन खांद्याकडे पाहत. पिवळी खुर्ची वाळूवरून हलके हलके, एखाद्या फुगलेल्या बदकासारखी चालली आणि गुडघाभर पाण्यात जाऊन डुलू लागली. मारिविकने खुर्चीचा दांडा धरला होता. जोरीने दंताळे वाळूत घातले, ओढले, पुन्हा ओढले. चौथ्या ओढीला निळ्या नांग्या पाण्याबाहेर उगवल्या.

"आला!" मी ओरडलो.

जोरीने खेकडा पालथा केला. पोटाखाली नारिंगी अंड्यांचा गोळा होता. अशी मादी ठेवता येत नाही. आमच्याकडे कोणी तपासायला नसले तरी ती सोडतात. नऊ वर्षांनंतरचा पहिलाच खेकडा. जोरीने त्याच्याकडे एकवार पाहिले आणि पाण्यात सोडून दिला.

"जा बाई," तो म्हणाला. "तुझेही कागद नसतील भरलेले."

पुढील तासाभरात त्याने अकरा धरले, त्यांपैकी सात मापाचे. नंतर एकाएकी खुर्ची डावीकडे कलली, जोरीने किंचाळी फोडली, त्याचा हात पाण्याखाली गेला, आणि तो अर्धा बुडाला. मी काठावर उभा होतो. अंगात रविवारी चर्चला घालायची पँट होती, कारण प्रसंग मोठा होता. मी काहीही विचार न करता धावलो, एका खड्ड्यात पाय गेला, छातीपर्यंत बुडालो, आणि तोंडातील खारे पाणी थुंकत त्याच्यापाशी पोहोचलो.

जोरी खुर्चीत नीट बसलेला होता. मारिविकचा हात दांड्यावरून क्षणभरही ढळलेला नव्हता. त्याच्या हातात एक भला थोरला खेकडा होता, आणि तो इतका हसत होता की खांदा दुखून मध्ये मध्ये "आई गं" म्हणत होता.

"तुला माहीत होतं!" मी मारिविकला म्हणालो.

"मी काही बोलले नाही, वेस्लीदादा. वहीत मात्र लिहीन."

तोच मागून कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजली. ऊना ब्रॅनिगन गुडघाभर पाण्यात उभी होती. शनिवारची ती पंचाची शिट्टी, जी इतके आठवडे मी सर्वांच्या खिशांत शोधत होतो, तिच्या गळ्यातील दोरीला लोंबकळत होती. तिने एक हात आकाशाकडे उचलला आणि दुसऱ्याने जोरीकडे बोट रोखले.

"सोंग!" ती गरजली. "पेनबर्थीविरुद्ध किक. वेस्ली, तो खेकडा तुमचा!"

"अहो, पण हा माझा सगळ्यात मोठा..."

"दे," मी म्हणालो, आणि टब पुढे केला.